टोबची हाळी

गाणं संपलं तरी सुई उचलायला कोणी उठलं नाही. तबकडीच्या शेवटच्या वळशात ती नुसती घासत राहिली. वाळल्या पाचोळ्यावरून काहीतरी सरपटत जावं तसा तो आवाज खोलीच्या फळकुटांना लागून परत येत होता, आणि त्या फळकुटांच्या आत बसलेल्या तीन बायकांपैकी एकीनेही मान वर केली नव्हती.

ॲमझी ग्रामोफोनच्या शेजारी उभा होता. नवा कोट त्याने अजून उतरवला नव्हता. स्टेशनापासून चार मैल ते यंत्र त्याने खांद्यावरून वाहून आणलं होतं, गिटार पाठीला बांधून, भर उन्हात. आणि वाटभर तो हाच क्षण मनात रंगवत आला होता. माय हसेल, नाहीतर रडेल, नाहीतर चर्चच्या बाईला शोभेल अशी ब्लूज गाण्यांच्या नावाने बोटं मोडेल. तिन्हींची उत्तरं त्याच्याजवळ तयार होती. या गप्प बसण्याचं उत्तर नव्हतं.

मायच्या मांडीवर जेवणाचं ताट होतं. मक्याच्या भाकरीचा तुकडा काकवीत बुडवून तोंडाकडे नेताना मध्येच थांबलेला तिचा हात अजून तिथेच होता. काकवीचा एक थेंब लांबत लांबत तिच्या कामाच्या झग्यावर पडला. तिने तो पाहिलासुद्धा नाही.

"अरे, काहीतरी बोला की," ॲमझी म्हणाला. स्वतःचाच आवाज त्याला मोठा वाटला. "मेम्फिसमध्ये हे लागलं की लोक बाकांवर चढून उभे राहतात."

"बाकाचं नाव काढू नकोस," लव्ही म्हणाली.

लव्ही शेजारची. तिच्या आणि या घराच्या मध्ये कापसाचे वीस-पंचवीस तास, नांगराच्या सऱ्या, बस. ग्रामोफोन आल्याचं कानावर पडताच ती ताट टाकून आली होती, आणि आल्या आल्या तिने ॲमझीच्या बुटांकडे पाहून म्हटलं होतं, "बाई बाई, तोंड दिसतंय की यात! खेचर बघेल तर दाढी करून घेईल." तेव्हा सगळे हसले होते. मायसुद्धा. मग त्याने खोक्यातून तबकडी काढली, तिच्यावरचा कागद सोडवला, आणि तेव्हापासून कोणी हसलं नव्हतं.

धाकटी बहीण व्हर्नेल उठली आणि तिने सुई उचलली. 

"व्हर्नेल," माय म्हणाली, "त्याला वाढ. भुकेला असेल."

गाण्याबद्दल ती एवढंच बोलली.

*

बोगार्डच्या मळ्यावर नाव पाद्र्याने ठेवलेलं असे, आडनाव गुलाम पणजोबाच्या मालकाकडून आलेलं असे. हाळी तेवढी ज्याची त्याची असे. पोर तेरा-चौदा वर्षांचं झालं, स्वतःचं खेचर घेऊन नांगराला लागलं, की कधीतरी दिवस कलताना शेताच्या टोकावरून त्याच्या गळ्यातून ती निघे. ती कोणी शिकवत नसे आणि कोणी उसनी घेत नसे. दुसऱ्याची हाळी देणं म्हणजे दुसऱ्याच्या बिछान्यावर जाऊन निजणं. संध्याकाळी त्या सपाट, अंतहीन जमिनीवर एकामागून एक हाळ्या उठत, आणि ज्या घराची हाळी त्या घरातली बाई अंगणात येऊन ओ देई. मग चूल फुंकली जाई. मग माणूस घरी येई.

ॲमझीच्या बापाची, टोब ग्रँबेरीची हाळी मळ्यावर सगळ्यांत लांबची होती. ती खालून सुरू होई, छातीच्याही खालून, जमिनीतून ओल वर यावी तशी. मध्यावर फुटे आणि जिथे पुरुषाच्या आवाजाचं काही काम नाही अशा उंचीवर जाऊन लटकत राही. आणि उतरताना पूर्ण उतरत नसे. अंधारात जिना उतरताना शेवटची पायरी पायाला सापडू नये, तशी ती हवेतच राही. ती शेवटची पायरी माय घाली. तिची ओ अगदी साधी, दोन सुरांची, कोंबड्यांना दाणे टाकताना द्यावी तशी. पण ती आल्यावाचून टोबची हाळी संपत नसे. ॲमझी या दोन आवाजांच्या मधल्या जागेत जन्मला आणि वाढला.

सहा वर्षांचा असताना त्याने केरसुणीची तार सोडवून ओसरीच्या भिंतीवर दोन खिळ्यांत ताणली, तिच्याखाली तपकिरीची रिकामी बाटली खोचली, आणि दुसरी बाटली तारेवरून फिरवत पहिल्यांदा जे शोधलं ते हेच होतं. चर्चच्या बाजाच्या पेटीवर न सापडणाऱ्या जागा बाटलीखाली सापडत. अख्खं घर घुमे. टोब शेतातून येता येता ओरडला होता, "अरे, मी इथे आणि मलाच कोण हाका मारतंय?" तो पोट धरून हसला होता. मायने मात्र त्याच संध्याकाळी हातोडीच्या फाट्याने खिळे उपसले. "जित्या माणसाची हाळी वाजवू नये," एवढंच ती म्हणाली.

कारण त्या मळ्यावर दुसऱ्याची हाळी देण्याची एकच वेळ होती. माणूस पुरताना थोरला मुलगा खड्ड्याच्या उशाशी, शेताकडे तोंड करून उभा राही आणि बापाची हाळी एकदा देई. तिला ओ द्यायची नसे. सवयीने तोंडातून निघेल म्हणून घरातल्या बाया झग्याचं टोक, रुमाल, जे हाती येईल ते दातांत धरून ठेवत. ती न आलेली ओ सगळी माणसं ऐकून घेत. पाद्रीबाबा आमेन म्हणत. आणि मग ती हाळी त्या जमिनीवर पुन्हा कधी उठत नसे.

भिंतीवरची तार गेली तरी ॲमझीची बोटं गप्प बसली नाहीत. पर्सी डॉस नावाचा एक म्हातारा लाकडाच्या गिरणीत दोन बोटं गमावून मळ्यावर परतला होता. गिटार तो बाटलीच्या मानेनेच वाजवी, कारण बाकीची बोटं पुरत नसत. शनिवारी दुपारी मासे तळण्याच्या जागी तो वाजवायला बसे आणि ॲमझी त्याच्या समोर, जमिनीवर. "किती ते सूर रे!" म्हातारा खेकसे. "सगळंच तू वाजवू नकोस. ऐकणाऱ्याला थोडं राहू दे. तो काय मुका आहे?" चर्चमध्ये माय पुढच्या बाकावर बसून स्तोत्रं म्हणे आणि मागच्या बाकावर तिचा मुलगा मांडीवर बोटांनी भलतीच चाल धरी. मायला ते पाठ असूनही दिसे. ती रागावे, आणि कोंबडीचा सर्वांत चांगला तुकडा त्याच्याच ताटात टाके.

मग सत्तावीस सालच्या एप्रिलात नदी चढली. बंदुका घेतलेल्या गोऱ्या पहारेकऱ्यांनी घराघरांतून पुरुष गोळा करून नदीच्या बांधावर नेले. बापाला वळणावरच्या टोळीत घातलं, मुलाला दोन मैल खाली. वाळूची पोती भरता भरता तिसऱ्या सकाळी जमीन पायांखाली थरथरली आणि वळणावरचा बांध तिथे उभ्या असलेल्या माणसांसकट गेला. पाणी उतरायला ऑगस्ट उजाडला. काही माणसं सापडली; टोब सापडला नाही.

वर्ष झाल्यावर पाद्रीबाबा घरी आले. रिकाम्या शवपेटीवरही हाळी देता येते, असं ते समजुतीने म्हणाले. गावाला कुठेतरी थांबावं लागतं. माय म्हणाली, "तुम्ही थांबा. मी कुठे अडवलंय?" आणि ती दर संध्याकाळी अंगणात येऊन उभी राहत राहिली. कोणाची हाळी नसे, म्हणून ओही नसे. ती नुसती उभी असे. ॲमझीला ते उभं राहणं पाहवेना. एकोणीस वर्षांचा असताना गिटार घेऊन तो निघाला.

*

दोन वर्षं तो डेल्टाभर फिरला. लाकूडतोड्यांच्या तळांवर, नदीकाठच्या धक्क्यांवर, न्हाव्याच्या दुकानाबाहेरच्या सावलीत तो वाजवत बसे. तो चांगला वाजवी, आणि त्याच्याइतकं चांगलं वाजवणारे त्याला प्रत्येक गावात तिघेचौघे भेटत. हे कळायला त्याला वेळ लागला, आणि कळल्यावर त्याची झोप पहिल्यांदा उडाली. शेकड्यांनी गिटारी त्या रस्त्यांवरून चालल्या होत्या. सगळ्यांची दुःखं एकाच तागाच्या थानातून फाडल्यासारखी होती.

मग यंदाच्या फेब्रुवारीत मेम्फिसला तबकड्यांच्या कंपनीचा माणूस आला. हॉटेलच्या खोलीत भिंतींना गोधड्या टांगल्या होत्या, आवाज परतू नये म्हणून. ॲमझीने पहिलं गाणं म्हटलं.

"हे मागच्याच महिन्यात एकाने तबकडीवर दिलंय," चष्म्यावरून बघत तो गोरा म्हणाला.

दुसरं म्हटलं. तेही कोणीतरी दिलेलं होतं. तिसऱ्याच्या पहिल्याच ओळीला त्याने हात वर केला.

"पोरा, तुझं स्वतःचं काही आहे का? दुसऱ्या कोणाचंच नाही असं?"

दाराबाहेर आणखी सातजण गिटारी घेऊन बसले होते. ॲमझीने डोळे मिटले. आपल्यापाशी दुसऱ्या कोणाचंच नाही असं काय आहे, हे त्याने प्रामाणिकपणे आत शोधलं, आणि तोंड उघडलं तेव्हा टोबची हाळी बाहेर आली. ती खालून सुरू झाली, मध्यावर फुटली, वर जाऊन लटकली, आणि शेवटच्या पायरीपाशी येऊन थांबली. ॲमझी थांबला. त्या हाळीनंतर थांबायचं असतं, एवढंच अठरा वर्षं ती ऐकलेल्या त्याच्या अंगाला ठाऊक होतं. गिटारवरची बाटलीही थांबली. गोधड्यांनी सगळा आवाज पिऊन टाकला होता, आणि त्या पोकळीत, एक श्वासभर, ॲमझीला वाटलं की आता अंगणातून माय ओ देईल. मग गिटार पुन्हा सुरू झाली आणि शब्द आपोआप येत गेले, पाण्याचे, बांधाचे, वळणाचे. दर कडव्याच्या टोकाला तीच हाळी आणि तीच थांबलेली जागा.

गोऱ्याने चष्मा काढून पुसला. "ती मधली फट," तो म्हणाला, "तशीच ठेव. तिला हात लावू नकोस."

*

"माझ्या जावयाने आणली ती तबकडी मेम्फिसहून," लव्ही सांगत होती. "ईस्टरच्या आधी. 'सासूबाई, तुमच्या शेजारणीचा पोरगा गातोय,' म्हणाला. मी म्हटलं, लाव बाबा, ऐकू दे. यंत्र ओसरीवर, कर्णा शेताकडे. मला काय माहीत आत काय भरलंय ते?"

"लव्हीमावशी, पुरे," व्हर्नेल म्हणाली.

"पुरे कसं? याला कळायला नको? तुझी माय अंगणात कपडे उकळत होती, ॲमझी. हाळी आली, आणि हिने ओ दिली."

ॲमझीने मायकडे पाहिलं. ती ताटातली भाजी एका कडेला सारत होती.

"तीन वर्षांनी," लव्ही म्हणाली. "पोरीसारख्या आवाजात. आणि धावली. वाट सोडून सरळ तासांमधून, नुकतं पेरलेलं तुडवत, हातात ती काठी तशीच, टोकाला कोणाची तरी उकळती चड्डी लोंबतेय." ती हसायला गेली आणि तिला जमलं नाही. "पायऱ्या चढून वर आली, आणि टेबलावर खोका. मी खुळी, काय करावं सुचेना, म्हणून मी झाकण लावलं. झाकण लावून काय तो बंद होतो? तो आत गातच होता."

ॲमझीच्या समोर व्हर्नेलने ताट आणून ठेवलं होतं. त्याने त्याला हात लावला नाही.

"मला सांगायचं होतं," तो मायला म्हणाला. "पत्र धाडणार होतो."

"तुला कुठे लिहिता येतं?" माय म्हणाली.

"कोणाकडून तरी लिहून घेतलं असतं."

"आणि मला वाचून कोणी दाखवलं असतं? पाद्रीबाबांनीच ना?" तिने ताट खाली ठेवलं. "त्यांनी ऐकलं. त्यांना वाचायची गरज पडली नाही."

मग लव्हीने उरलेलं सांगितलं, खालच्या आवाजात, जणू माय खोलीत नाहीच. तबकडी मळ्यावरच्या पाच घरांत वाजली. पुरुषांनी टोप्या काढून ऐकली. थोरल्या मुलाने बापाची हाळी दिली आहे, आणि ओ आलेली नाही: कानांनी ऐकलेली गोष्ट, तीही एकदा नव्हे, लावावी तितक्यांदा. पुढच्या रविवारी पाद्रीबाबांनी मायला हाताला धरून, अगदी मायेने, डाव्या खिडकीखालच्या बाकापाशी नेलं. तिथे मळ्यावरच्या विधवा बसत. लव्ही तिथेच बसायची, गेली अकरा वर्षं.

"मी सरकून जागा दिली," ती म्हणाली. "दुसरं काय करणार होते?"

"पण ते गाणं आहे!" ॲमझी ओरडला. "खड्ड्यापाशी उभा राहून दिलेली हाळी आहे का ती? मेम्फिसच्या हॉटेलात, भिंतींना गोधड्या टांगलेल्या, समोर एक गोरा घड्याळ बघत बसलेला! माती कुठे होती? आमेन कोण म्हणालं?"

"सगळं खरं, बाळा. पण तू थोरला आहेस की नाही?"

"आहे."

"हाळी टोबची आहे की नाही?"

ॲमझीने तबकडीकडे पाहिलं.

"आणि हाळी दिल्यावर तू आणि तुझी गिटार गप्प राहिलात की नाही?" लव्हीने झगा सारखा केला आणि ती उठली. "माणसं काय ऐकतात ते तुझ्या त्या गोऱ्याला विचारून ठरत नाही इथे." दारात ती थबकली. "गातोस मात्र छान. मेल्या, इतकं छान गायला नको होतंस."

तिची पावलं ओसरीवरून उतरून गेली. व्हर्नेल भांडी उचलण्याच्या निमित्ताने मागच्या खोलीत गेली आणि तिथे भांड्यांचा आवाज झाला नाही.

माय बसून होती. तिचे हात मांडीवर उताणे पडले होते, खुरप्याच्या दांड्याने घट्टे पडलेले, शेतातल्या तासांसारख्या समांतर रेघांचे. ॲमझी तिच्यापुढे फळ्यांवर बसला. नव्या कोटाची पर्वा त्याने केली नाही.

"कशाला ठेवलीस ती जागा?" तिने विचारलं. रागाने नव्हे, खरंच जाणून घ्यायचं असावं तसं. "भरायची होतीस. गिटार होती ना हातात?"

"ती तुझी जागा होती, माय."

"माझी?"

"तिथे तू ओ देतेस. तिथे मी काय वाजवणार?"

 मग तिने खिडकीबाहेर पाहिलं, जिथे अंगण होतं, आणि कपडे उकळायची काळी कढई.

"मी दिली की ओ," ती म्हणाली. "या इथून दिली. कोणाला ऐकू आली?"

ॲमझीनेही त्या कढईकडे पाहिलं.

"टोब मेला असेल," माय म्हणाली. "मला काय कळत नाही? एवढी नदी. पण 'असेल' म्हणत मी सकाळी उठते, भाकर थापते, शेतात जाते. आता बाया माझ्याकडे बघतात ना, त्यांच्या डोळ्यांत तो मेलेला असतो. मी तोंड धुवून बाहेर आले की आधी तेच दिसतं. आणि बाकावर बसले की लव्ही माझा हात हातात घेते. चांगली आहे ती. पण मला तिने हात धरलेला नकोय."

तेवढ्यात मळ्याची घंटा वाजली. जेवणाची सुट्टी संपली होती.

*

माय खुरप्याचा लांब दांडा खांद्यावर टाकून निघाली आणि ॲमझी तिच्या बाजूने चालू लागला, पाठीला गिटार. संध्याकाळची गाडी त्याला गाठायची होती. हे त्याने आल्या आल्याच सांगून टाकलं होतं, मोठ्या माणसासारखं. कापूस वीतभर वर आला होता. विरळणी चालू होती. दोन रोपं काढायची, एक ठेवायचं. माणसं आपापल्या तासाच्या टोकाशी येऊन उभी राहत होती. त्यांनी ॲमझीला पाहिलं, टोपीला हात लावला, आणि नजर वळवली. खड्ड्यावर उभं राहून आलेल्या मुलाकडे बघतात तसं. पलीकडच्या टोकाला मुकादमाचा घोडा शेपटीने माश्या हाकत होता.

"मी पाद्रीबाबांकडे जाते," माय चालता चालता म्हणाली. तिने हे आधीच ठरवलं असावं. वाक्यं तयार होती. "सांगते, पोराला कळलं नाही. जगभर हिंडत होतं, रीत विसरलं. आता समजलंय त्याला आणि त्याने सोडलंय ते गाणं. ते ऐकतील माझं. कडक आहेत, वाईट नाहीत. मी परत माझ्या जागेवर बसेन."

ॲमझीच्या कोटाच्या आतल्या खिशात कंपनीचं पत्र होतं. मेम्फिसच्या न्हाव्याने त्याला ते दोनदा वाचून दाखवलं होतं. जुलैत उत्तरेला यायचं, आगगाडीचं तिकीट त्यांचं, सहा गाणी. आणि पहिलं कोणतं ते त्यांनीच लिहिलं होतं, टोबची हाळी, भाग दुसरा. त्याच्या बाकीच्या पाच गाण्यांची त्यांनी नावंही विचारली नव्हती. कुठल्याही गावात तो खुर्चीवर बसला की लोक तेच मागत. त्याआधी ते त्याचं नाव विचारत नसत. ते गाऊन झालं की पाण्याचा पेला आणून देत.

पण पत्राबद्दल तो मायला काही तरी सांगू शकला असता. तिने पत्र समजून घेतलं असतं. जे सांगता येत नव्हतं ते वेगळंच होतं. दर वेळी हाळी शेवटच्या पायरीपाशी येऊन थांबली, की त्या फटीत, श्वासभर, टोब असे. भिजलेला नव्हे, बुडालेला नव्हे; शेताच्या टोकाला, खेचराचा लगाम हातात, ओ यायची वाट बघत उभा. तिथे ॲमझीला बाप भेटे. दुसरीकडे कुठेच भेटत नसे, स्वप्नातसुद्धा नाही. मायजवळ अंगण होतं. त्याच्याजवळ तेवढी फट होती. आणि ती तिथे जाऊन उभी राहायची ते, आणि तो इथे थांबायचा ते, यात काय फरक होता हे त्याला सांगता येईना, आणि फरक होता हेही खोटं नव्हतं. त्याची फट लोकांसमोर उघडत होती. तिचं अंगण त्यात पुरलं जात होतं.

तिच्या तासापाशी ती थांबली. खुरप्याचं पातं जमिनीला टेकवून, दांड्यावर दोन्ही हात ठेवून, तिने त्याच्याकडे तोंड केलं. शेजारच्या तासावरच्या दोघी वाकल्या होत्या, पण त्यांची खुरपी चालत नव्हती.

"मला तुझं यंत्र नको," ती म्हणाली. "बूट, कोट, काही नको. व्हर्नेलला काही धाडू नकोस. आमचं चाललंय. एवढंच सांग. जाईन मी त्यांच्याकडे रविवारी?"

"माय..."

"मी जाऊन सांगेन आणि तू तिकडे मेम्फिसला उभा राहून तेच गाशील, मग मी कोणत्या तोंडाने राहू? आणखी तबकडी येईल. येतातच त्या. म्हणून विचारते." तिने कपाळावरचा घाम मनगटाने पुसला. "ते गाणं पुन्हा गाणार आहेस का?"

नाही म्हणणं सोपं होतं. जगात याहून लहान शब्द नव्हता. ॲमझीने ओठ उघडले, आणि त्या क्षणी छातीच्याही खालून काहीतरी वर यायला लागलं, त्याच वाटेने, त्याच ओलीने. आणि त्याला कळलं की नाही म्हणायला जी जागा लागते तिथे टोब उभा आहे. त्याने ओठ मिटले.

"सांग ना रे," माय म्हणाली. "मुकादम बघतोय. मला तास धरायचाय."

तिचा आवाज अगदी साधा होता. तिने पुन्हा विचारलं नाही. पातं जमिनीला टेकवून ती थांबली, घाई न करता, वाट बघायची सवय असलेल्या माणसासारखी. शेजारच्या दोघी पाठ ताठ करून उभ्या राहिल्या, आणि पलीकडच्या तासांवरचीही खुरपी एकेक करून थांबत गेली.

ॲमझीने गिटारचा पट्टा खांद्यावर सारखा केला. मायच्या चेहऱ्याकडे त्याने एकदा पाहिलं, मग तिच्या हातांकडे. ते न आलेलं उत्तर सगळ्या शेताने ऐकून घेतलं. मग तो वळला आणि शेतातल्या गाडीवाटेने, धुळीत, स्टेशनाच्या दिशेने चालू लागला.